अर्ध्या तासाच्या आतला जावई

माझ्या थोरल्या बहिणीला गल्लीत सगळे दाएंग तेने म्हणतात. दाएंग हा आमच्याकडचा मान, आणि तेने म्हणजे गोड. हे नाव तिला ठेवलं तेव्हा ती अजून बोलायला लागली नव्हती.

तिचा धंदा जालांगकोते तळायचा. तिखट करंजीच म्हणा ना. आत बटाटा, शेवया, अंडं, आणि खाताना वरून मिरची-शिरक्याचं पातळ पाणी. दुपार कलली की माकास्सरच्या पारांग तांबुंग भागात कोपऱ्यावर तिची कढई चढते, आणि मी माझी निळी पेते-पेते, म्हणजे आमची वडाप, तिथं उभी करून दोन-चार तोंडात टाकल्याशिवाय पुढची फेरी मारत नाही. पैसे ती माझ्याकडून घेत नाही, पण दर घासाला एक टोमणा मोजून देते.

नवरा लवकर गेला. दोन मुली तिनं त्या कढईवर वाढवल्या. थोरली हस्नी तिनं जयापुराला दिली. सासर चांगलं, जावई चांगला, फक्त लांब. दर ईदला येईन म्हणून गेलेली पोरगी मधल्या ईदी चुकवून एकदाची आली, तर तिचं लेकरू आजीला बघून आईच्या मागं लपलं. आठवडाभर लपलं. आठव्या दिवशी ओळख पटली आणि नवव्या दिवशी त्यांचं विमान होतं.

त्यानंतर महिन्याभरात शेजारच्या लग्नात गाणी चालू असताना आमची ताई उठली. ती गायला निघाली असं वाटून लोक जरा सावरून बसले. तिनं गाणाऱ्याच्या हातातला माइक घेतला आणि जाहीर केलं की धाकटी मिर्ना अर्ध्या तासाच्या पलीकडे दिली जाणार नाही. तळलेली जालांगकोते झाकून नेली तर मुलीच्या हातात गरम पडली पाहिजे, एवढंच अंतर. ज्याला जमेल त्यानं यावं. मग माइक परत दिला आणि जेवायला गेली.

आमच्याकडे दिलेला शब्द मोडणं म्हणजे तोंड दाखवायला जागा न उरणं. आणि हा शब्द तर माइकवरून दिलेला.

पहिलं स्थळ आलं ते शहरातलंच. दाया भागातला मुलगा, स्वतःचं दुकान, नाकीडोळी नीटस. ताईनं मला गाडी काढायला लावली आणि घड्याळ लावून त्याच्या घराकडे निघाली. बाजारापाशी आम्ही असे अडकलो की शेजारच्या गाडीतल्या माणसाशी माझी ओळख झाली आणि तो माझ्या बायकोचा लांबचा भाऊ निघाला. पोचेपर्यंत तास होत आला होता. मुलाची आत्या म्हणाली, रविवारी या, रस्ता रिकामा असतो. ताई म्हणाली, "माझी मुलगी काय फक्त रविवारीच माहेरी येणार?" आणि आम्ही चहा न घेता परत फिरलो. त्या स्थळाबद्दल मिर्नाला काहीच वाईट वाटलं नाही. ते मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

कारण तोवर तेगुह कढईपाशी येऊन गेला होता.

तेगुह जावाचा, सुराबायाचा. बंदरात नव्या क्रेन बसवायच्या होत्या, त्या कामावर दोन वर्षांसाठी आलेला. उंच, सडपातळ, बोलणं इतकं हळू की तो विनंती करतोय की माफी मागतोय ते कळू नये. रोज संध्याकाळी यायचा. तिखट त्याला अजिबात सोसायचं नाही. कपाळावरून घाम, डोळ्यांतून पाणी, तरी दुसऱ्या दिवशी हजर. ताईला वाटायचं, पोराला आपल्या हाताची चव लागली. मिरचीचं पाणी वाढायला मिर्ना असायची हे तिच्या ध्यानात यायला दोन वर्षं उलटावी लागली. म्हणजे काम संपून तेगुह सुराबायाला परत गेला, आणि तरीही दर दोन महिन्यांनी एखाद्या शुक्रवारी तसाच घाम पुसत कोपऱ्यावर उभा राहायला लागला, तेव्हा.

"क्रेन पडली का एखादी?" तिनं त्याला विचारलं.

तो म्हणाला, नाही, बू, क्रेन ठीक आहेत. बू म्हणजे त्यांच्याकडे मोठ्या बाईला मान. आणि मिर्नाकडे बघितलं. आमच्या ताईला त्याहून जास्त सांगावं लागत नाही. त्या दिवशी तिनं कढई लवकर उतरवली.

घरात आठवडाभर धुसफूस चालली. मिर्ना आईचीच मुलगी, ती रडली नाही. तिनं डोकं चालवलं. पुढच्या वेळी तेगुह आला तो थेट घरी, इस्त्रीचा बाटिक शर्ट घालून, हातात विमानाच्या तिकिटाचा छापील कागद. मलाही बोलावलं होतं, कारण घरातला थोरला पुरुष मीच. थोरला म्हणजे एकटा.

मिर्नानं कागद आईसमोर ठेवला आणि वाच म्हणाली. ताईनं चष्मा लावला. माकास्सरहून सुटणार दहाला. सुराबायाला पोचणार साडेदहाला.

"अर्धा तास," मिर्ना म्हणाली. "तुझाच शब्द, अम्मा. माइकवरचा."

आता सुराबायाचं घड्याळ आमच्या मागं एक तास चालतं हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. टीव्हीवरची मालिका सातला म्हणतात आणि आम्ही आठला बघतो. मधे पावणेआठशे किलोमीटर समुद्र आहे, आणि विमानाला दीड तास लागतोच. पण कागदावर अर्धा तास होता, आणि ताईनं शब्द देताना कुणाचं घड्याळ ते सांगितलं नव्हतं. मी मनात म्हटलं, सापडली.

ताईनं कागद उलटा करून बघितला, पुन्हा सुलटा केला. मग तेगुहला म्हणाली, "आणि परत यायचं तिकीट?"

त्यानं ते आणलं नव्हतं. पण खोटं बोलायचं त्याच्या मनात आलं नाही. सकाळी दहाला निघालं तर इथं साडेबाराला उतरतं म्हणाला.

"म्हणजे सासरी जायला अर्धा तास आणि माहेरी यायला अडीच," ताई म्हणाली. "रस्ता चांगला शोधलायस रे. सगळ्या जगातल्या सासवांना दाखव, खूश होतील."

मला हसू आवरेना. मिर्नानं माझ्याकडे असं बघितलं की मी चहा ढवळायला घेतला. चहात साखर नव्हती, तरी बराच वेळ ढवळला.

तेगुह मात्र उठला नाही. खाली बघून म्हणाला की कागदाचं खरं नाही, बू, तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. तुम्ही माप ठरवलंय ते जालांगकोतेचं. मग त्याच मापानं मोजू. तुम्ही तळा, डब्यात भरा, आणि माझ्याबरोबर सुराबायाला चला. माझ्या आईच्या हातात गरम पडली तर मिर्ना द्या. नाही पडली तर मी पुन्हा कोपऱ्यावर दिसणार नाही.

मिर्नानं कपाळाला हात लावला. हा भाग तिनं शिकवलेला नव्हता. आमच्या गल्लीपासून विमानतळच सव्वा तासावर आहे. तिथं आधी जाऊन बसायचं, मग उडायचं, मग उतरायचं. कुठल्या देशात करंजी इतका वेळ गरम राहते? ताईनं क्षणभर त्याला निरखलं. आपणहून हरायला निघालेला माणूस तिनं पहिल्यांदाच बघितला असावा. म्हणाली, चालेल.

ठरल्या दिवशी ती पहाटेच्या नमाजानंतर तळायला बसली. स्टीलचा डबा, आत केळीचं पान, वर तीन टॉवेल. मिर्ना डबा बांधायला मदत करत होती. जरा जास्तच मदत करत होती. ताईनं टॉवेलात हात घातला आणि आतून रबराची गरम पाण्याची पिशवी बाहेर काढली.

"कुणाचं पोट दुखतंय?" तिनं विचारलं.

कुणाचंच दुखत नव्हतं. पिशवी घरी राहिली आणि मिर्नाही. आम्ही तिघं निघालो. गाडीत ताई डबा मांडीवर घेऊन बसली होती आणि दर वळणाला मला सांगत होती की मी गाडी चालवतो तसा बैलही चालवत नाही. विमानतळ येईपर्यंत अर्धा तास केव्हाच संपून गेला होता. हा वेळ कुणाच्या हिशेबात धरायचा असं तिनं मला विचारलं. मी म्हटलं, हा माझ्या गाडीचा दोष धर, जावयाचा नको. अजून जावई झालेला नाही, ती म्हणाली.

तपासणीच्या यंत्रापाशी डबा उघडायला लावला. वास दरवळला. तिथल्या तरुणीनं आत बघितलं, मग ताईकडे, आणि विचारलं की पाणी कुठलं, शिरक्याचं की लिंबाचं. ताईनं तिला एक देऊ केली. ती ड्यूटीवर होती, घेता येईना. तिचा चेहरा पडला तो मला अजून आठवतो.

आत बसल्यावर तेगुह दोनदा हात धुऊन आला. तिसऱ्यांदा निघाला तेव्हा मी म्हटलं, पोरा, हात झिजतील. तो हसला, पण त्या हसण्यात जीव नव्हता. मला वाटलं, पैज हरायची भीती.

विमानात ताई खिडकीशी, तेगुह मधे, मी कडेला. ताई आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसत होती. मला वाटलं आता घाबरेल आणि मला जरा मोठेपणा मिरवता येईल, कारण मी एकदा जाकार्ताला जाऊन आलो होतो. पण तिनं पट्टा असा बांधला की जणू रोजचा. विमान धावायला लागलं, नाक वर झालं, खाली मारोसची भातखाचरं तिरकी झाली, आणि ताई लहान पोरीसारखी काचेला नाक लावून बसली. एवढी वर्षं मला कुणी सांगितलं का नाही, असं ती काचेलाच म्हणाली.

मग तिनं खाली बघितलं. तेगुहनं तिचं मनगट धरलं होतं.

आमच्याकडे होऊ घातलेल्या सासूचं मनगट कुणी धरत नाही. ताईची भुवई वर गेली. पण तिनं त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि ती थांबली. पोराचे डोळे गच्च मिटलेले, ओठ हलत होते, आणि मानेवर घाम. तसा घाम त्याला आमच्या मिरचीनंही कधी आला नव्हता.

"किती वेळा बसलायस विमानात?" तिनं विचारलं.

"पहिल्यांदाच, बू."

"आणि दर दोन महिन्यांनी येत होतास तो?"

"जहाजानं."

जहाजाला किती वेळ लागतो ते ताईनं विचारलं. एक दिवस आणि एक रात्र, तो डोळे न उघडता म्हणाला. दर्या खवळला तर जास्त. शुक्रवारी इथं पोचायचं, संध्याकाळी तुमच्याकडे खायचं, आणि मिळेल त्या जहाजानं परत. कामावर सोमवारी थोडा उशीर व्हायचा.

"अरे, पण तू क्रेनवर चढतोस. नारळाच्या झाडाच्या दुप्पट उंच असते ती."

"क्रेनला पाय असतात, बू," तेगुह म्हणाला.

तेवढ्यात विमान ढगात शिरलं आणि एक हिसका बसला. तेगुहच्या तोंडून जावाच्या भाषेत आईच्या नावाची हाक निघाली. मी मदतीचा हात पुढे केला तर त्यानं तोही धरला. आता आम्हा दोघा भावंडांचे हात त्याच्या मुठीत होते आणि डबा ताईच्या मांडीवर डगमगत होता.

ताईनं मोकळ्या हातानं टॉवेल बाजूला सारले, झाकण काढलं आणि एक जालांगकोते त्याच्या ओठांना लावली. तोंड रिकामं असलं की भीती आत शिरते म्हणाली. खा. तो म्हणाला, बू, ही आईसाठी. ती म्हणाली, तोंड उघड. त्यानं उघडलं. चावायला लागला तशी त्याची मूठ जरा सैल झाली. संपली की पुन्हा हिसका, पुन्हा मूठ आवळली, आणि ताईनं पुन्हा एक भरवली. मग तर हिसक्याची वाटही बघायची सोडली. ती भरवत होती, तो चावत होता, आणि मधल्या वेळात ती त्याला घरच्या गोष्टी विचारत होती. वडील कसे गेले. आईचा गुडघा कसा आहे. घरात विहीर आहे की नळ. तो भरल्या तोंडानं उत्तरं देत होता. समुद्र खालून सरकत होता तिकडे त्यानं बघितलंच नाही, आणि ताईनंही बघायचं सोडलं होतं. मी दोन उचलल्या, ते तिला दिसलं नाही. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यानं मागं वळून वास घेतला, तर त्यालाही एक गेली.

विमान उतरायला लागल्याचं सांगितलं तेव्हा डब्यात केळीचं पान तेवढं उरलं होतं.

ते तिघांच्याही एकदमच लक्षात आलं. पैजेचा माल पैज लावणाऱ्याच्या पोटात गेला होता. मी पटकन हिशेब केला. आता गरम होती की गार, याला साक्षीदार एकच. तेगुह स्वतः. बाकी माझं काय, मी मिर्नाचा मामा, मला विचारलं असतं तर जीभ भाजली म्हणालो असतो.

ताईनं झाकण लावलं, टॉवेलांच्या घड्या घातल्या आणि सावकाश विचारलं, "शेवटची खाल्लीस ती गरम होती का रे?"

मी त्याच्या पायावर पाय दिला. चांगला जोरानं दिला.

तेगुहनं डोळे उघडले. सगळ्या प्रवासात पहिल्यांदाच. "नाही, बू," तो म्हणाला. "पहिलीसुद्धा कोमटच होती."

चाकं जमिनीला लागली. लोक उठून सामान काढायला लागले. आम्ही तिघं बसून राहिलो. ताई खिडकीबाहेर बघत होती, पण तिथं बघण्यासारखं काही नव्हतं, नुसतं सिमेंट. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडते. ती हसत होती. इतकी हसली की डोळे टॉवेलाला पुसावे लागले.

"ह्याला खोटं बोलता येत नाही, विमानात बसता येत नाही," ती मला म्हणाली, "आणि तिखट खाता येत नाही. माझी मिर्ना ह्याच्या हातून सुटली तर ह्याला दुसरी कोण देणार आहे?"

बाहेर तेगुहची आई उभी होती, बू लास्त्री. बुटकी, गोरी, अंबाड्यात चाफा, एका हातात काठी. मुलगा विमानातून उतरून येताना दिसला तेव्हा तिनं देवाचं नाव घेतलं आणि काठी बगलेत धरून दोन्ही हात तोंडावर ठेवले. तिला त्यानं सांगितलंच नव्हतं. जहाजानं येईल म्हणून ती आदल्या दिवशी बंदरावरही जाऊन आली होती. मग मिर्नानं फोन करून खरं सांगितलं, तेव्हा ती इकडे आली.

ताई तिच्यापुढे गेली आणि रिकामा डबा दोन्ही हातांनी तिच्या हातात दिला. बू लास्त्रीनं झाकण उघडलं, आत बघितलं, आणि जावाच्या रीतीप्रमाणे काहीच विचारलं नाही.

"गरमच पोचल्यात," ताई म्हणाली. "तुमच्या मुलाच्या पोटात आहेत. हात लावून बघा."

बू लास्त्रीनं खरंच मुलाच्या पोटाला हात लावला. तेगुह लाजून लाल झाला. गरम आहे, ती म्हणाली, अगदी खरं सांगते. झालं. तिथंच, त्या सामानाच्या गाड्यांच्या गर्दीत, लग्न ठरलं.

लग्न रमजाननंतर झालं. नवरदेव आणि अर्धं वऱ्हाड जहाजानं दोन दिवस आधी आलं, बू लास्त्री उरलेल्यांना घेऊन विमानानं आली, आणि मिर्ना सुराबायाला गेली. तेगुह त्यानंतर विमानात बसला नाही. मिर्ना माहेरी यायची ती उडत यायची, आणि तिचा नवरा तिच्या आदल्या दिवशी निघून तिला घ्यायला आमच्याच विमानतळावर उभा असायचा. ताईला मात्र विमानाचं वेड लागलं. खिडकीची जागा नसेल तर ती तिकीट घेत नाही. त्याच वर्षी ती जयापुराला गेली, दोन महिने राहिली, आणि तिथला नातू आता फोनवर आधी आजीला मागतो, मग मावशीला.

बू लास्त्रीचा गुडघा बरा झाल्यावर ती आमच्याकडे राहायला आली. दोघी विहिणी शेजारी बसून सारण भरायच्या. एक दिवस ताई बाजारात गेली असताना बू लास्त्रीनं मिरची-शिरक्याच्या पाण्यात गूळ घातला. जावाचे लोक कशातही गोड घालतात. ताईला कळलं तेव्हा ती दोन दिवस विहिणीशी बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी तिनं गाड्यावर दोन बाटल्या ठेवल्या, एक आपली, एक गुळाची, म्हणजे लोकांनाच कळेल. लोकांना कळलं. गुळाची बाटली संध्याकाळच्या आत रिकामी होते. बू लास्त्री सुराबायाला परत गेली तरी ताई ती रोज स्वतः भरते, आणि कुणी विचारलं तर सांगते की ती परगावच्या गिऱ्हाइकांसाठी आहे. मी गुळाचंच घेतो. पण ती पाठमोरी असताना.